मोलीमॉकचे काचघर

१२ मे

या नोंदी मी एका हेतूने लिहायला घेतल्या आहेत आणि तो आरंभीच सांगते. मला सिद्ध करायचे आहे ते असे : जो दुसऱ्याचा आवाज हिरावून घेतो, त्याचा आवाज हिरावून घेणे न्याय्य आहे. कोणी याला सूड म्हणेल. शब्दावरून मी भांडणार नाही. सूड आणि न्याय यांत फरक असलाच तर तो मापाचा असतो, आणि मापून तोलून बोलणे हा तर्कशास्त्राची प्राध्यापक म्हणून माझा जन्मभराचा व्यवसाय होता.

ड्युनेडिनला आज सकाळी पोहोचले. इकडे दक्षिणेला मे म्हणजे हिवाळ्याचे तोंड. भाड्याचे घर उभ्या चढाच्या रस्त्यावर आहे. भाजीची पिशवी घेऊन वर येताना दोनदा थांबावे लागले आणि दोन्ही वेळा खालचे बंदर इतके सुरेख दिसले की थांबल्याचा राग आला नाही. संगणकावरचे खेळ बनवणारा जो स्टुडिओ मला नोकरीवर घेतो आहे, तो बंदराजवळच्या लोकरीच्या जुन्या गोदामात, वरच्या मजल्यावर आहे. सगळी मिळून दहाबारा पोरे. मालक फिनली ओगिल्व्ही तिशीच्या आतला, पायात दोन वेगळ्या रंगांचे मोजे. त्याने माझ्या हातात गरम चीज रोल ठेवला आणि जाहीर केले की, “मंडळी, या ऊनाबाई स्ट्रॅकन. आजपासून भांडणं सोडवायला यांच्याकडे जायचं. मला विचारलंत तर मी रडेन.” सगळे हसले. मीही हसले. मला ही मुले आवडली, हे प्रामाणिकपणे नोंदवते.

१४ मे

खेळाचे नाव ‘लँटर्न बे’. पडद्यावर एक समुद्रकाठचे गाव आहे. प्रत्येक खेळाडूला त्यात एक घर मिळते. संध्याकाळी खिडकीत दिवा लावला की त्याचा अर्थ, या, बसा. मग जगाच्या पाठीवर कुठेही बसलेले शेजारी येतात, ओट्यावर गप्पा मारतात, कोणी तोंडाने, कोणी टंकून. जिंकणे-हरणे काही नाही. फिनलीच्या म्हणण्याप्रमाणे हा खेळ म्हणजे “ज्यांना शेजार नाही त्यांचा शेजार.”

शेजार आला की त्रास देणारेही येतात, आणि म्हणून माझी नेमणूक. अशांना हाकलले तर ते दुसऱ्या नावाने परत येतात. त्यावर या लोकांनी काढलेला उपाय म्हणजे काचघर. काचघरात टाकलेला माणूस गावातच राहतो. त्याला सगळे दिसतात, ऐकू येतात. पण तो बोललेले कोणाला ऐकू जात नाही, आणि आपण काचेआड आहोत हे त्याला कोणी सांगत नाही. गावाची दिवाबत्ती आणि चित्रे मेरेआना पाहते, आणि काचघराची किल्लीही तिच्याकडेच होती. ती आज तिने माझ्या स्वाधीन केली. ती म्हणाली की घ्या बाई, मला त्या काचेकडे बघवत नाही.

मला बघवते. मी ज्यासाठी आले ते हेच आहे.

१७ मे, रविवार

एल्स्पेथचा फोन आला. ही माझ्या भावाची मुलगी. ओमारूला आईजवळ असते. लहानपणापासून अडखळत बोलते. गेल्या वर्षी तिने याच खेळात धीर करून तोंडाने बोलायला सुरुवात केली, रोज थोडे थोडे. तिथे ‘मोलीमॉक’ असे समुद्रपक्ष्याचे नाव घेतलेल्या एका तरुण पोराने तिच्या अडखळण्याची नक्कल सुरू केली. नुसती नक्कल नाही. ती बोलायला लागली की तो इतरांना जमवी आणि वाक्य पुरे व्हायच्या आत सगळ्यांकडून आकडे मोजून घेई. डिसेंबरात एल्स्पेथने खेळ सोडला आणि माझ्याखेरीज सर्वांशी बोलणेही. आईशी ती खुणांनी बोलते. हे मी स्टुडिओत कोणाला सांगितलेले नाही.

आज तिने विचारले, “आ-आत्या, तिथलं क-काम कसलं गं?” मी म्हणाले, शिस्तीचे. ती हसली. ते हसू मी फार दिवसांनी ऐकले.

२० मे

मोलीमॉक सापडला. हेच नाव, त्याच किनाऱ्यावर घर. दिवस शांतपणे त्याच्यावर लक्ष ठेवण्यात घालवला. हल्ली तो तोंडाने बोलत नाही, फक्त टंकतो : आवाज ओळखला जाईल ही भीती उघड आहे. शेजाऱ्यांशी अतिशय गोड वागतो, नव्याने आलेल्यांना कांद्याची रोपे देतो, कोणाचा वाढदिवस विसरत नाही. ज्याला काही लपवायचे असते तो असाच गोड होतो.

मेरेआनाने शंका काढली की बाई, याच्याविरुद्ध अलीकडची एकही तक्रार नाही हो. मी तिला समजावले की तक्रार थांबल्यावरून पश्चात्ताप सिद्ध होत नाही. ज्याने चावा घेतला तो आता झोपला आहे, एवढेच सिद्ध होते. तिने खांदे उडवले.

२३ मे

काचघराची रचना ढोबळ होती, ती मी सुधारली. एकदम मुके केले की माणसाला संशय येतो. म्हणून मी पायऱ्या घातल्या. आधी त्याला उत्तरे उशिरा यावीत. मग अर्ध्याच बोलण्याला यावीत. मग त्याच्या प्रत्येक बोलण्याला शेजारी हसून एकच वाक्य म्हणताना दिसावेत. खरे शेजारी काहीच म्हणत नसतील, ते यंत्राने उभे केलेले त्यांचे नुसते सोंग असेल. वाक्यही मीच निवडले : “हो हो, बघू या.” विद्यापीठात आमचे विभागप्रमुख प्रत्येक अर्जाला हेच म्हणत आणि त्याने माणूस किती झिजतो हे मी पाहिले आहे. शेवटच्या पायरीवर ते सोंगही बंद व्हावे आणि त्याचे घरच इतरांच्या डोळ्यांसमोरून पुसले जावे. त्याला गाव दिसत राहील. गावाला तो दिसणार नाही.

फिनलीने हे दोनदा वाचले. “ऊनाबाई, तुम्ही फार भयंकर बाई आहात हो. म्हणजे, कौतुकानं म्हणतोय.” मी आभार मानले. दुपारी मोलीमॉकला काचघरात टाकले.

२७ मे

काचेआडचे बोलणे फक्त मला वाचता येते. आज त्याने टंकले : “सगळे बरे आहात ना? फार उशिरा बोलता हल्ली.” मी चहा घेत वाचले. चहा उत्तम होता.

३० मे

“माझं काही चुकलं का? कुणाचं मन दुखावलं असेल तर स्पष्ट सांगा, मला राग येणार नाही.”

आजही चहा घेताना वाचले. एल्स्पेथनेही तेव्हा अगदी हेच विचारले असेल. माप बरोबर लागते आहे.

२ जून

“हो हो, बघू या” ची पायरी सुरू झाली. तो एकेकाच्या ओट्यावर जाऊन उभा राहतो. कोणाला तो म्हणाला, “तुझ्या आईचं ऑपरेशन कसं झालं?” हो हो, बघू या. कोणाला म्हणाला, “मला आज बरं वाटत नाहीये.” हो हो, बघू या. संध्याकाळी शेवटचे वाक्य आले : “खिडकीत दिवा लावलाय. या ना कुणीतरी.”

मी पडदा बंद केला. समाधान वाटले, हे लपवत नाही. फक्त ते मी कल्पिले होते त्याहून थोडे कमी होते आणि याचे कारण मला सांगता येत नाही.

७ जून, रविवार

मोलीमॉक चारपाच दिवस गप्प आहे. बहुधा खेळ सोडून गेला. शेवटची पायरी आपोआप लागली असेल.

एल्स्पेथ आज स्वतःहून बराच वेळ बोलली. रोपवाटिकेत काम मिळतंय म्हणाली, पण तिथे गिऱ्हाइकांशी बोलावं लागतं. “तू सां-सांगितलंस तर जाईन.” मी सांगितले, जा. ती म्हणाली की पुढच्या फोनवर पुन्हा एकदा सांग, म्हणजे नक्की जाईन. तिचे सगळे धैर्य सध्या माझ्या शब्दावर उभे आहे. मला त्याचा अभिमान वाटतो आणि थोडी धास्तीही.

११ जून

कोपऱ्यावरच्या दुकानात दूध मागितले. दुकानदारीण माझ्याकडे बघत राहिली, आणि मी पुन्हा विचारणार तोच म्हणाली, “किती हवंय?” बसच्या चालकाचेही तसेच झाले. इकडची माणसे सावकाश आहेत म्हणतात. पण महिनाभरापूर्वी ती सावकाश नव्हती.

१५ जून

बैठकीत मी तीन मुद्दे मांडले. पहिल्याला फिनलीने उत्तर दिले. दुसरा जणू मी मांडलाच नव्हता. तिसऱ्यावर मेरेआना बोलली. मी दुसरा मुद्दा पुन्हा मांडला, तेव्हा फिनली उठून खिडकी लावायला गेला. मी मेरेआनाला बाजूला घेऊन स्पष्ट विचारले की माझ्याशी काही बिनसले आहे का. ती माझ्याकडे बघत, डोळ्यांत पूर्ण मैत्री ठेवून, गप्प राहिली. मग म्हणाली, “आज कसलं गारठलंय ना!”

अर्ध्या बोलण्याला उत्तर. हा योगायोग आहे. दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत आले.

१६ जून

काचेआड नवी ओळ आली आहे. मोलीमॉककडून.

“ऊना. उशिरा येतात ना उत्तरं?”

माझे नाव खेळात कुठेही नाही. मेरेआनाने सांगितले असेल. तिला विचारले. उत्तर आले नाही.

१९ जून

टपाल कचेरीतल्या माणसाला मी म्हणाले, हे पाकीट नोंदणीने पाठवायचे आहे. तो हसला. “हो हो, बघू या.” आणि पाकिटाला हातही न लावता माझ्या मागच्या बाईकडे वळला.

बाहेर येऊन भिंतीला टेकले. एक म्हातारा कुत्र्याला फिरवत होता. मी त्याला म्हणाले, मला चक्कर येते आहे. तो हसला. त्याचे हसू त्या टपालवाल्याचेच होते. तितकेच रुंद. “हो हो, बघू या.”

२२ जून

आज स्टुडिओत एक पाहुणा आला. डूगल मॅकिल्रेथ, दक्षिण टोकाच्या ब्लफ बंदरातला, कालवांच्या होडीवर काम करणारा, साठीचा, हात लाल. त्याने टोपी काढून विचारले की ते खेळाचं दुकान हेच का. फिनली म्हणाला, हेच, काका, बसा.

तो बसला नाही. त्याच्या बहिणीबद्दल बोलायचे होते. व्हेरा नाव. घशाच्या कर्करोगाने तिचा आवाज काढून घेतला होता. पाटीवर लिहून बोलायची. एप्रिलमध्ये कोणीतरी तिला हा खेळ लावून दिला. “काय खुलली होती म्हणता! जेवायला बोलावलं तर पाटीवर लिहायची, थांब, शेजारी आलेत. आमच्या बाबांच्या होडीचं नाव होतं मोलीमॉक. ते नाव मिळालं म्हणून पोरीसारखी नाचली होती.”

मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

फिनली सहज म्हणाला की हो, मिळालं असेल. कुणी तीनचार महिने फिरकलं नाही की ते नाव आम्ही मोकळं करतो, दुसऱ्याला घेता येतं. आधीचा कुणी मोलीमॉक सोडून गेला असणार. खेळ बनवणाऱ्यांना यात सांगण्यासारखेही काही वाटत नाही. इथे नाव म्हणजे भाड्याची खोली. आणि मी एकदाही विचारले नाही.

डूगल म्हणाला, “मला भांडायचं नाहीये. ते शेजारी कोण, एवढं सांगा. एकदा भेटायचंय त्यांना. ती रोज खिडकीत दिवा लावून बसायची, त्यांच्यातला एकही का नाही आला? तिनं पाटीसुद्धा ठेवून दिली हो शेवटी. माझ्याशीही लिहीना. मग एके सकाळी किनाऱ्यावर फिरायला म्हणून गेली—” त्याने टोपी फिरवली. पाच जूनला तिला पुरले.

पाच जून. १६ जूनची ती ओळ मला आठवली.

मी उभी राहिले. माझे वाक्य स्पष्ट होते : ते मी केले, शेजाऱ्यांनी नाही, तुमची बहीण निरपराध होती. डूगल मॅकिल्रेथ माझ्याकडे वळला. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी तो रुंद हसला.

“हो हो, बघू या.”

२३ जून

मोलीमॉकवरचे काचघर काढून टाकण्याची आज्ञा यंत्राला दिली. पडद्यावर नेहमी ‘काढले’ असे येते. आज आले : हो हो, बघू या.

पुन्हा दिली. पुन्हा तेच.

मग त्याखाली, सावकाश, एकेक अक्षर उमटत : “पायऱ्या तुझ्याच आहेत, ऊना. मी एकही वाढवली नाही.”

मी टंकले, क्षमा करा. टंकले, मला दुसरा कोणी समजला होता. टंकले, मला वाटले तुम्ही ते पोर—

“मीही विचारलं होतं, माझं काही चुकलं का. तू वाचलं होतंस. चहा पीत होतीस.”

२५ जून

विचार करायला हवा. विचारच शिल्लक आहे.

तिसऱ्या पायरीवर शेजारी हसत नसतात, ते सोंग असते. म्हणजे डूगल माझ्याकडे वळलाच नाही. त्याने मला ऐकले नाही. तो त्याच टोपीशी खेळत उभा असणार आणि मी त्याच्यासमोर मुकी. मेरेआनाला, फिनलीला आज मी कुठे दिसते? माझ्या खुर्चीवर त्यांनी कोट टाकले आहेत. ओले कोट. माझ्या मांडीवर.

२८ जून, रविवार

फोन वाजला. घेतला. एल्स्पेथ.

मी सांगितले, जा, रोपवाटिकेत जा, तू जा, मी सांगते आहे—

“हो हो, बघू या,” ती म्हणाली. न अडखळता. स्वच्छ.

ती माझी एल्स्पेथ नव्हती. ती कधीच इतक्या—

म्हणजे तिकडे खरी एल्स्पेथ फोन कानाला लावून बसली आहे आणि तिला ऐकू येते आहे : काही नाही. आत्याने फोन उचललाच नाही. ज्या एका माणसाशी ती बोलत होती त्यानेही—

व्हेराबाई, मला ठेवा काचेआड. तिला नको. हे तिच्या वाट्याला नको.



१ जुलै

आता कोणी हसतही नाही. दुकानात दार माझ्या अंगावर लावले. शेजारची बाई माझ्या फाटकासमोरून गेली आणि ज्या नजरेने आपण झुडपांकडे पाहतो त्या नजरेने तिने फाटकाकडे पाहिले. वरचे घर, मग खालचे घर. मधले तिने मोजले नाही.

शेवटची पायरी.

४ जुलै, दुपार

एल्स्पेथ आली आहे. रस्त्यावर आहे. खिडकीतून दिसते. हातात माझा पत्ता. वर जाते, घरांचे आकडे बघते, खाली येते. माझ्या फाटकावरून तिची नजर सरळ पुढे जाते. मी दार उघडून ओट्यावर गेले, हाका मारल्या, तिच्या बाहीला धरले. माझ्या हातातून बाही गेली, वाऱ्यासारखी.

शेजारच्या बाईला ती विचारते आहे. अनोळखी बाईला. तोंडाने. “मा-माझी आत्या इथं रा-राहते.” बाई म्हणाली, “नाही गं पोरी, या दोन घरांच्या मध्ये कधी घर नव्हतं.”

ती रस्त्याच्या मध्ये उभी राहून ओरडते आहे. सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी. जिने सात महिने आईशीही शब्द काढला नाही ती. “आ-आत्या! ऊ-ऊना आत्या!”

तिचा आवाज परत आला. मी उत्तर देऊ शकत नाही. उत्तर मिळाले नाही तर तो पुन्हा जाईल. हे मला पक्के ठाऊक आहे, मी हे माझ्या हाताने व्हेराबाईंच्या बाबतीत करून पाहिले आहे.

बोलणे गेले. लिहिणे कदाचित गेले नसेल. हा कागद फाडून खिडकीच्या काचेला लावते. म्हणून आता नीट, वाचता येईल असे.

जो दुसऱ्याचा आवाज हिरावून घेतो त्याचा आवाज हिरावून घेणे न्याय्य आहे : हे विधान मी सोडत नाही. ते माझ्यावर लागू झाले आहे आणि बरोबर लागू झाले आहे. माझी चूक एकच. नाव एक म्हणून माणूसही एक, हे मी न तपासता धरले, आणि निर्दोष बाईला तिच्या खिडकीत दिव्यापाशी एकटीला मारले. एल्स्पेथ, आत्याने तुला टाकले नाही. तू जा. बोल. सगळ्यांशी बोल.

— ऊना मार्गारेट स्ट्रॅकन

कागद लावला. हे पुढच्या पानावर. ती वळली. पुन्हा वर येते आहे. अगदी खिडकीसमोर. कागदाकडे बघ, बाळा, इकडे, काचेकडे, इकडे ब—